नेपच्यून गैरहजर

"सूर्य?"
"हजर!"
"चंद्र?"
"हजर!"
"धूमकेतू?"
"हजर बाई, शेपटासकट!"
"नेपच्यून?"

बाईंनी मैदानभर नजर फिरवली.

तारा, ग्रह, उपग्रह शिकवायला बाईंनी अख्खा वर्ग मैदानात आणला होता. सूर्य मधोमध, पृथ्वी त्याच्यापासून वीस पावलांवर. बाकीच्यांनी तक्त्यात बघून आपापलं अंतर मोजायचं आणि तिथे उभं राहायचं. नेपच्यून सूर्यापासून पृथ्वीच्या तीसपट लांब. ते काम आलं होतं गणितात दर वेळी भोपळा मिळवणाऱ्या मुलीकडे. पोरं तिला भोपळाच म्हणत.

"अहो बाई, पोरगी गेली कुठे?" तपासनीसांनी घड्याळ बघितलं. बाईंची नोकरी कायम करायची की नाही, हे ते आज ठरवणार होते.

"लपली असेल, सर. भोपळ्याला मोजता कुठे येतं?" शनी खिदळला. जागा संपली म्हणून तो, गुरू आणि युरेनस भिंतीला टेकून मजेत उभे होते.

शाळेचं फाटक सताड उघडं होतं.

बाई तशाच रस्त्यावर धावल्या. भरधाव गाड्या, दवाखाना, वळण. वळणापलीकडे, चपलांच्या दुकानासमोर, फुटपाथवर दोन्ही पाय जुळवून ती उभी होती. तक्ता छातीशी धरलेला. बाईंचा हात रागाने वर गेला.



"बाई, सहाशे पावलं झाली. या वेळी तरी बरोबर आहे ना?"