सहाचा गिझर

डोंबिवलीच्या बंगल्यावर सोलर पॅनेल बसवायचे दोन लाख सुनेनं, क्षिप्रानं, स्वतःहून भरले, तेव्हाच एकट्या राहणाऱ्या त्र्यंबकरावांच्या मनात पाल चुकचुकली. बिल निम्म्यावर आलं, पण घरात कधी किती वीज जळते ते दाखवणारं अ‍ॅप क्षिप्राच्याच फोनवर होतं. बंगल्यावर डोळा असणार, दुसरं काय?

तिला पकडायचंच, म्हणून मंगळवारी त्यांनी रोजचा सहाचा गिझर लावला नाही. गार पाण्यानं अंघोळ उरकली. फोन वाजला, तोही उचलला नाही. साडेसातला ठाण्यातल्या नौपाड्याहून रिक्षा करून क्षिप्रा दारात हजर, गाऊनवर ओढणी घेतलेली.

"म्हणजे लक्ष ठेवतेस ना माझ्यावर?"

ती पायरीवरच बसली.

"तुमचा गिझर लागला की मी चहा टाकते, बाबा. आज अजून टाकला नाहीये."