नावाचा रकाना

नवजात बाळांच्या अभ्यासात बारा गावं होती. त्यातल्या अकरा गावांत दोन वर्षांत पहिल्या आठवड्यात एकही बाळ दगावलं नव्हतं. आशाताई रत्नमालाच्या एकट्या गावात मात्र सहा गेली होती. म्हणून डॉ. नीरजा छत्रपती संभाजीनगरहून निघून कन्नडच्या पुढं, तडक तिच्या दारात आल्या.

"रत्नमालाताई, बाकीच्या आशांना जमतं ते तुम्हालाच का जमत नाही?"

रत्नमालानं अभ्यासाचा मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "नाव न टाकता पुढं जाऊन दाखवा, मॅडम."

पहिलाच रकाना बाळाच्या नावाचा होता. तो रिकामा ठेवला की पुढचं पान काही केल्या उघडेना. हा फॉर्म नीरजांनी स्वतः बनवला होता.

"आमच्याकडं नाव बाराव्या दिवशी ठिवत्यात. दुसऱ्या दिवशी गेलेल्या लेकराला कुठलं आलंय नाव? पण ते लिहायचंच नाय, हे मला पटंना. म्हून त्या सहा जणांची नावं म्याच ठिवली."

नीरजांनी यादी उघडली. सहाही नावं फुलांची होती.

"आणि... बाकीच्या अकरा गावांत?"

"तिथल्या आशा बारसं झाल्यावरच लिहित्यात. त्याच्या आधी गेलेलं लेकरू तुमच्या मोबाईलात जन्मलंच नाय, मॅडम."