लोकरीची लड

घड्याळवाल्या काकांचं बुद्धिबळाचं रेटिंग तीन वर्षं चौदाशेवरून ढिम्म हलेना. दुकानात श्वास रोखून काटे बसवणारा हा माणूस, पण चाल दिसली की हात शिवशिवायचे आणि वजीर हकनाक जायचा. एकदा मोबाइलवर डाव रंगात आलेला असताना काकूंनी त्यांच्या दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवली आणि समोर बसून गुंडा करायला घेतला. मग हे रोजचंच झालं. प्रत्येक चालीला लड उतरवायची, पुन्हा चढवायची. त्या खटाटोपाआधी काका दहादा विचार करू लागले. दोन स्वेटर होईस्तोवर रेटिंग सोळाशेपार!

काका गहिवरले. "माझ्या घाईवर बरोब्बर औषध शोधलंस गं!"

"डोंबलाचं औषध!" काकू म्हणाल्या. "एरवी लड मी खुर्चीच्या पाठीला अडकवते. त्या खुर्चीत रोज तुम्ही ठाण मांडून बसलेले!"