सहीपुरती

साहेबांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला आणि माझं सर्टिफिकेट स्वतःच्या हाताने ऑफिसच्या भिंतीवर लावलं. रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्या सांभाळत मी चौदा वर्षं काढली, पण माझं नाव भिंतीवर पहिल्यांदाच लागलं. कंपनीनेच मला सहा महिने दर रविवारी पर्यावरण अभियांत्रिकीच्या कोर्सला धाडलं होतं. बेचाळिसाव्या वर्षी मी पास झाले.

त्याच दुपारी नाल्यात सोडलेल्या पाण्याचा नमुना तपासणीला जायचा होता. आजवर तो साहेबच भरून पाठवत. आज बाटली माझ्या हातात आली. मी मागच्या नाल्यावर गेले. कोर्सच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ज्या पाण्याचा नमुना, त्याच पाण्याने बाटली आधी तीनदा विसळायची." नाल्याचं पाणी जांभळं होतं. पुढे तो नाला आमच्याच वस्तीच्या विहिरीला लागून जातो.

"सुगंधाबाई, तिकडे कुठे?" साहेब मागून आले. "नळाचं भरा. नेहमी तेच जातं."

"पण साहेब, आता कागदावर सही माझी असणार."

"मग! आता सर्टिफिकेटवाल्याचीच सही लागते. उगाच का तुम्हाला शिकवलं?" ते हसले. "आणि शिकलेली माणसं हल्ली ढिगाने मिळतात."

पेढा अजून दाताला चिकटलेला होता. मी नळापाशी बसले आणि बाईंनी शिकवलं होतं तशी बाटली नीट तीनदा विसळली. ज्या पाण्याचा नमुना, त्याच पाण्याने.