बेचाळीस मिनिटं

ऑनलाइन वर्गात सर्वांत सरस प्रकल्प एका विद्यार्थिनीचा होता, पण तिच्या कामाच्या वेळा मास्तरांना खटकल्या. रोज दर बेचाळीस मिनिटांनी तिने काम सेव्ह केलं होतं. इतकं घड्याळाबरहुकूम माणूस वागतो कुठे? सॉफ्टवेअरकडून करवून घेतलं असेल, तर नापास करावंच लागणार. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. "ताई, बेचाळीस मिनिटांचं गौडबंगाल काय?" ती बोलणार तोच शिट्टी वाजली. "थांबा हं सर!" सवयीने सेव्ह करून ती उठली, मागे वॉशिंग मशीनची रांग दिसली. धुतलेले कपडे काढून, मळके भरून ती परतली. "लाँड्रीत कामाला आहे. बेचाळीस मिनिटांनी मशीन थांबलं की उठावंच लागतं." "तंद्री मोडत नाही?" "मोडते! पण खुर्चीत अडलेलं चादरी झटकताना सुटतं." मास्तरांनी वही ओढून ते टिपून घेतलं. "पुढच्या तुकडीला ही युक्ती शिकवाल?" "शिकवेन की! आधी पास तर करा!"