सुजलेलं माप

“दादा, नेमच बसत नाही रे!” बहीण म्हणाली तसा तो धावत परसात आला. उद्या तिची जिल्ह्याची मॅच. तिच्या एअर रायफलचा सागवानी दस्ता त्यानं घरीच घडवलेला, तिच्या गालाचा ठसा कणकेत घेऊन. घासून, जवसाचं तेल पाजून नुसता चकाचक केलेला. पण दस्त्यावर गाल टेकला की डोळा नेमाच्या रेषेबाहेर जात होता.

“अरे येड्या,” ती एकदम किंचाळली, “कणकेत गाल दाबलास तेव्हा माझी दाढ सुजलेली!”

दस्त्यातल्या गालाच्या खोलगट खोबणीवर त्यानं बोट फिरवलं. “म्हणजे मी सुजेचं माप घेतलं?”

“मग सूज आणू की परत,” म्हणत आईनं डिंकाचा लाडू लेकीच्या गालात कोंबला. “धर तिथंच. चावायचं नाही.”

परसात फट्‌ आवाज झाला. तो टारगेटकडे धावला. छर्रा बरोब्बर मधोमध!

“दहा! दहा!” दोघं येड्यासारखी नाचली. नाचता नाचता ती लाडू गिळून बसली.

“उद्या किती छर्रे मारायचेत गं?” आईनं विचारलं.

“साठ.”

आईनं पदर खोचला. “दाद्या, पळ. दुकानातनं डिंक आण.”