पाच तोळ्यांवरची ड्युटी

वडीगोद्रीचे सर्जेराव आणि गिरिजाबाई दुबईला मुलाकडं पंधरा दिवस राहून परत निघाले. तिथल्या बाजारातून सर्जेरावांनी एकट्यानंच जाऊन बायकोसाठी हार आणला होता, आणि गिरिजाबाईंनी तो व्हिडिओ कॉलवर अख्ख्या गल्लीला दाखवला होता.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाले दिसताच सर्जेराव कुजबुजले, "हार पदराखाली झाक अन् गुपचूप चल."

"मला न्हाई जमायची चोरी," म्हणत गिरिजाबाईंनी गळ्यातला हार काढून सरळ अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला. "साहेब, पाच तोळ्यांचा हाय. ह्यांनी घेतला मला. काय टॅक्स असंल तो बराबर लावा."

अधिकाऱ्यानं हार मशीनवर तपासला, मग सर्जेरावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, हे पितळ आहे. वर नुसतं सोन्याचं पाणी दिलंय. याला ड्युटी लागत नाही, जा घेऊन."

 

सर्जेरावांनी एकदा मागं बघितलं आणि हात जोडले, "साहेब, थोडी तरी लावा हो. ती बघून राह्यली!"